पोर्ट-रॉयलच्या वहीत एका बाईचा संसार कसा शोधायचा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सासरच्या घराण्यातली एक बाई, तुमच्या नवऱ्याच्या आठ पिढ्यांमागची. जन्म पोर्ट-रॉयलचा, १७११. (आकादी ही आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडची जुनी फ्रेंच वसाहत; तिथलं हे गाव, आणि तिथले लोक अकादीय.) लग्न १७३१. मुलं नऊ, त्यांत दोन मुलींचं नाव एकच, मारी-जोसेफ. लग्नाच्या नोंदीत ‘तिसऱ्या ते चौथ्या पायरीच्या नात्याची सूट’ असं काहीतरी लिहिलंय. १७५५ मध्ये ब्रिटिशांनी अकादीयांना हद्दपार केलं, त्यानंतर तिचा मागमूस नाही. आणि खरा प्रश्न असा की तारखा सगळ्या हातात आल्या, वंशावळ भरली, पण बाई काही भेटली नाही. ती जगली कशी, हे चर्चच्या या नोंदवह्यांतून कळेल का?

कळतं. पंचवीस वर्षं मी हेच काम करते आहे, आणि अजून एकाही अकादीय बाईच्या बाबतीत वही पूर्ण मुकी निघालेली नाही. मात्र तुम्ही आत्तापर्यंत जसं शोधलंत तसं शोधून ती भेटणार नाही. तुम्ही नाव टाकलंत, संगणकाने तिच्या नावाच्या नोंदी काढून दिल्या. स्वतःची म्हणावी अशा नोंदी बाईला तीनच असतात: बाप्तिस्मा, लग्न, दफन. त्यांत मुलांच्या बाप्तिस्म्याला ‘आई’ म्हणून आलेलं नाव धरा. बाकीचं तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या नोंदींत विखुरलेलं आहे. कुणाच्या लेकराला मांडीवर घेऊन चर्चमध्ये उभी राहिली, कुणाच्या लग्नाला साक्षीला कोण आलं, कुणाला कोणत्या रात्री घाईने बाप्तिस्म्याचं पाणी घातलं, हे तिच्या नावाच्या शोधात येत नाही, कारण सूची करणारे बहुधा मुख्य माणसाचंच नाव घेतात. म्हणून पहिलं काम म्हणजे शोधाची चौकट बंद करा आणि वही पहिल्या पानापासून वाचा. १७२५ ते १७५५, तिच्या वस्तीतली प्रत्येक नोंद. रोज रात्री तासभर बसलात तर दीड-दोन महिन्यांत होतं.

तुमचं नशीब चांगलं की ती पोर्ट-रॉयलची आहे. तिथल्या सेंट-जाँ-बाप्तिस्त धर्मग्रामाच्या १७०२ ते १७५५ च्या वह्या टिकून राहिल्या. त्या हॅलिफॅक्सला नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यांच्या पानांच्या प्रतिमा घरबसल्या बघता येतात. ग्राँ-प्रे या दुसऱ्या अकादीय वस्तीच्या वह्यांची कहाणी वेगळी. १७०७ ते १७४८ च्या त्या वह्या हद्दपार झालेल्या माणसांनी बरोबर नेल्या. घरं गेली, गुरं गेली, समुद्र ओलांडावा लागला, पण वह्या सोडल्या नाहीत. आज त्या लुइझियानात बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत. बोबासँच्या काही वर्षांच्या वह्या फ्रान्समध्ये ला रोशेलला सापडतात. पिसिगीत आणि कोबेकीद या मोठ्या वस्त्यांच्या जवळजवळ नाहीशाच झाल्या. तिथल्या बाईबद्दल कुणी विचारलं की माझा जीव तुटतो.

माझं माहेर वसईचं. हॅलिफॅक्सला पहिल्यांदा ही वही उघडली तेव्हा भाषा परकी होती, पण सांगाडा बघताक्षणी ओळखीचा वाटला. त्याचं कारण साधं आहे. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवायचा नियम केला, १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने नोंदीचा साचा ठरवून दिला, आणि तोच साचा वसई, गोवा, केबेक, पोर्ट-रॉयल सगळीकडे पोचला. मूल कुणाचं, कधी जन्मलं, कधी बाप्तिस्मा, धर्मपिता कोण, धर्ममाता कोण (बाप्तिस्म्याला मुलाच्या बाजूने उभे राहणारे), धर्मगुरूची सही. फ्रेंच येत नसेल तरी घाबरू नका. तीस-चाळीस शब्द पाठ केलेत की नव्वद टक्के पान वाचता येतं, कारण वाक्यं तीच तीच असतात.

आता तिच्या जन्मापासून. १७११ हे साधं वर्ष नाही. आदल्याच वर्षी, १७१० च्या ऑक्टोबरात, ब्रिटिशांनी पोर्ट-रॉयल घेतलं आणि त्याचं ॲनापोलिस रॉयल केलं. १७११ मध्ये त्यांनी तिथले धर्मगुरू जुस्तिनियँ द्युराँ यांना पकडून बोस्टनला नेलं. म्हणजे त्या वर्षी जन्मलेल्या बऱ्याच मुलांना बाप्तिस्मा द्यायला गावात धर्मगुरूच नव्हते. तुमच्याकडची तारीख जन्माची आहे की बाप्तिस्म्याची, हे मूळ पानावर तपासा. नोंदीत ‘ऑंद्वाये’ हा शब्द दिसतो का ते बघा. मूल जगेल की नाही याची धास्ती असली, किंवा धर्मगुरू लवकर येण्यासारखे नसले, की घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणे. ते पाणी म्हणजे ऑंद्वाये. पुढे धर्मगुरू आले की राहिलेले विधी पुरे करत आणि वहीत तसं लिहीत. पाणी कुणी घातलं तेही पुष्कळदा लिहीत.

इथे जरा थांबते, कारण या एका शब्दातून मला आजवर सगळ्यात जास्त मिळालं आहे. वस्तीतल्या दहा-वीस वर्षांच्या नोंदी ओळीने वाचल्या की पाणी घालणाऱ्यांत एखादं बाईचं नाव पुन्हा पुन्हा येतं. आज या घरी, चार महिन्यांनी पलीकडच्या घरी, पुढच्या हिवाळ्यात तिसरीकडे. ती त्या वस्तीची सुईण. वही तिला सुईण म्हणेलच असं नाही, पण बाळंतिणीच्या खोलीत मध्यरात्री हजर असणारी दुसरी कोण असणार? तुमची बाई चाळिशीची झाल्यावर, १७५० च्या आसपास, असं तिचं नाव कुठे येतं का ते शोधा. तिच्या सासूचं आणि आईचंही शोधा. हे कसब घरात चालत येई.

जन्म आणि बाप्तिस्मा यांत किती दिवसांचं अंतर आहे तेही प्रत्येक मुलापुढे लिहून ठेवा. एक-दोन दिवस असेल तर घर चर्चच्या जवळ. दोन-तीन आठवडे, तेही जानेवारी-फेब्रुवारीत, असेल तर ती नदीच्या वरच्या अंगाला राहत होती आणि बर्फातून तान्हं मूल न्यायचं की नाही हा प्रश्न त्या घरात चर्चिला गेला होता. नऊ मुलांपैकी पहिल्या तिघांच्या वेळी अंतर कमी आणि पुढच्यांना जास्त, असं दिसलं तर मधे घर बदललं. शेतीसाठी खाजणाला बांध घालून नवी जमीन काढली की तरुण जोडपी वर सरकत. त्या बांधाला ते ‘अबुआतो’ म्हणत; भरतीचं खारं पाणी अडवायचं आणि ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, अशी त्यात झडप असे. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

दोन मारी-जोसेफ. तुम्हाला वाटलं की वंशावळ करणाऱ्याची चूक. असेल, पण आधी दुसरी शक्यता बघा. पहिलं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची रीत होती. तिची नऊ बाळंतपणं एका रेषेवर मांडा. मूल अंगावर पीत असलं की पुढचं साधारण दोन वर्षांनी होतं. पहिल्या मारी-जोसेफनंतर वर्षभरातच दुसरं मूल दिसलं, तर ती पहिली तान्हेपणीच गेली असावी, आईचं दूध तुटलं आणि लवकर दिवस राहिले. दफनाची नोंद सापडली नाही म्हणून ती जगली असं समजू नका. तान्ह्या मुलांची दफनं पुष्कळदा वहीत चढतच नसत. उलट एखाद्या ठिकाणी चार-पाच वर्षांचं अंतर दिसलं तर मधे पोट पडलं असेल, बाप्तिस्म्याआधी मूल गेलं असेल, नाहीतर नवरा दीर्घकाळ बाहेर होता. काय झालं ते वही सांगत नाही, पण तिथे काहीतरी झालं एवढं नक्की सांगते. आणि हेही खरं की एकाच घरात दोन जिवंत बहिणींची नावं सारखी असू शकत, कारण नाव धर्ममातेवरून यायचं. म्हणून दोघींची लग्नं वेगवेगळी सापडतात का ते बघितल्याशिवाय पहिलीला पुरू नका.

नावांच्या बाबतीत मी एकदा मोठी चूक केली आहे. एका कुटुंबाला मी त्यांची पूर्वज मार्गरीत १७३८ मध्ये वारली असं लिहून दिलं. दफनाची नोंद होती, आडनाव जुळत होतं, वय जुळत होतं. त्या घरातल्या म्हातारीने ते वाचून देवळात तिच्या नावाने मिसा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगितली. दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी तीच वही वाचताना १७४१ मध्ये ती मार्गरीत कुणाच्या तरी बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभी. वारली ती तिची चुलत बहीण, त्याच नावाची. मी त्या कुटुंबाला कळवलं, माफी मागितली. तेव्हापासून नियम केला: मृत्यूची नोंद सापडली की पुढची दहा वर्षं वाचायची, बाई पुन्हा कुठे उभी राहत नाही ना ते बघायला. नावं खरोखरच थोडी होती. मारी, मार्गरीत, आन, सेसिल, मादलेन. पुरुषांत जाँ, पिएर, जोसेफ, शार्ल. बोलण्यात लोक ‘शार्लच्या जाँचा पिएर’ अशी बापआज्याची साखळी लावत. कागदावर मात्र कधी ‘दी’ येतं, म्हणजे उपनाव. जोसेफ ब्रुसार दी बोसोलेय हा ब्रिटिशांशी लढलेला प्रसिद्ध माणूस याच पोर्ट-रॉयलचा, १७०२ चा. पुढे लुइझियानात वारला. एका नोंदीत आडनाव, दुसऱ्यात नुसतं उपनाव, असं होतं, म्हणून दोन्हींखाली शोधा.

बायकांचं एक बरं आहे. फ्रेंच वह्यांत बाई मरेपर्यंत माहेरच्या आडनावानेच लिहिली जाते. आपल्याकडे लग्न झालं की कागदावरून माहेर पुसलं जातं. इथे तसं होत नाही.

धर्मपिता-धर्ममातांचा तक्ता हे या कामाचं मर्म. नऊ मुलं म्हणजे अठरा नावं. प्रत्येकापुढे नातं लिहा. पहिल्या एक-दोन मुलांना आजी-आजोबा, मग काका, आत्या, मामा, मावश्या, मग थोरली भावंडं. यांत माहेरचे किती आणि सासरचे किती ते मोजा. सहाव्या मुलानंतर माहेरचं एकही नाव नसेल तर आईबाप गेले होते, भाऊ दुसरीकडे गेले होते किंवा बिनसलं होतं. कोणतं ते त्यांच्या नोंदी वाचून ठरवा. कुणी परका, समजा किल्ल्याजवळचा व्यापारी, धर्मपिता असेल तर त्या घराचे त्याच्याशी व्यवहार होते. आणि उलटं बघायला विसरू नका. ती स्वतः पहिल्यांदा धर्ममाता झाली तेव्हा किती वर्षांची होती? चौदा-पंधराव्या वर्षी कुणी आपलं मूल तिच्या हातात दिलं असेल, तर त्या घराशी तिचं जवळचं होतं. वहीत मैत्री दिसते ती इथेच.

आता ती नात्याची सूट. चर्चच्या मोजणीत पायरी वर मोजतात. दोघांचे आईबाप एक ती पहिली पायरी, आजोबा-आजी एक ती दुसरी, पणजोबा-पणजी एक ती तिसरी, खापरपणजोबा एक ती चौथी. चौथ्या पायरीपर्यंत लग्नाला मनाई, म्हणून सूट मागावी लागे. तुमच्या जोडप्याची ‘तिसरी ते चौथी’ म्हणजे एकाचे पणजोबा-पणजी हेच दुसऱ्याचे खापरपणजोबा-खापरपणजी. १७३१ मध्ये लग्न झालेल्यांचे पणजोबा म्हणजे फ्रान्सहून आलेली पहिली पिढी. त्या पिढीची लग्नं पोर्ट-रॉयलच्या टिकलेल्या वह्यांत नाहीतच. पण सूट सांगते की या दोन घराण्यांत वर कुठेतरी एक सामाईक जोडपं असलंच पाहिजे. अशा शेकडो सुटी एकमेकींवर ताडून मॉन्क्टन विद्यापीठाच्या अकादीय अध्ययन केंद्रातल्या स्टीफन व्हाइट यांनी हरवलेली माहेरं शोधून काढली. १९९९ मध्ये छापलेला त्यांचा वंशकोश १६३६ ते १७१४ ची घराणी देतो. तो हाताशी ठेवा. सूट ‘रक्ताची’ आहे की ‘सोयरिकीची’ हे मात्र मूळ फ्रेंचमध्ये वाचा. सोयरिकीची असेल तर दोघांपैकी एकाचं हे दुसरं लग्न आहे, आणि पहिला जोडीदार दुसऱ्याचा नातेवाईक होता. संगणकावरच्या वंशावळींत हा फरक सर्रास गाळलेला असतो, आणि मग एक अख्खं पहिलं लग्न हरवतं.

त्या लग्नाच्या आगेमागे, दोन-चार वर्षांत, तिच्या भावाने नवऱ्याच्या बहिणीशी लग्न केलं का तेही बघा. साटंलोटं तिथे खूप होतं, आणि दोन भावांनी दोन बहिणी करणंही. बांध घालायचं काम एका घराचं नव्हे; ज्यांच्यावर भरवसा अशीच माणसं शेजारी हवीत. बाई लग्न करून गेली ती बहुतेक चेहरे ओळखत असलेल्या अंगणातच. लग्नाचा महिनाही लिहून ठेवा. लेंट आणि ॲडव्हेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या आणि नाताळआधीच्या व्रतकाळात, लग्नं लागत नसत, म्हणून तीही सूट दिसली तर घाई होती. घाईचं कारण बहुधा पहिल्या मुलाच्या जन्मतारखेत सापडतं. यात वाईट वाटून घेऊ नका, त्यांनीही फारसं घेतलं नसावं.

वहीच्या मागच्या काळासाठी शिरगणत्या आहेत. १६७१ ची, १६८६ ची आणि पुढच्या काही. १६७१ ची धर्मगुरू लोराँ मोलँ यांनी दारोदार जाऊन केली. नावं, वयं, गुरं, जमीन, आणि महत्त्वाचं म्हणजे बायकोचं माहेरचं आडनाव. त्यात पिएर लानू नावाच्या पिंपं करणाऱ्याने उत्तर पाठवलं की आपली प्रकृती ठणठणीत आहे आणि वय सांगायचं नाही. एतियेन रोबिशो घरातून निघून गेला आणि गुराढोरांचा हिशेब देणार नाही असा निरोप बायकोजवळ ठेवला. पिएर मेलान्सन या शिंप्यानेही काही सांगितलं नाही, आणि त्याची बायको पाद्र्यांना म्हणाली की असल्या गोष्टींसाठी रस्तोरस्ती हिंडायला तुम्ही इतके वेडे आहात का! तुमच्या बाईच्या पणज्या याच बायका. त्यांच्या तोंडचं वाक्य साडेतीनशे वर्षांनी आपल्यापर्यंत येतं, तेव्हा मला अंगावर काटा येतो.

दोन बारीक गोष्टी. दफनाच्या नोंदीतलं वय ‘सुमारे’ असतं. दहा वर्षं इकडेतिकडे धरा. आणि ॲनापोलिसच्या ब्रिटिश कौन्सिलच्या कागदांतल्या तारखा सप्टेंबर १७५२ पर्यंत वहीपेक्षा अकरा दिवस मागे असतात, कारण ब्रिटिशांचं कॅलेंडर जुनं होतं. नाहीतर तुम्ही एखादं भांडण लग्नाच्या आधीचं समजाल आणि ते नंतरचं असेल.

राहिलं १७५५. पाच सप्टेंबरला ग्राँ-प्रेच्या चर्चमध्ये कर्नल विन्स्लोने पुरुषांना जमवून हद्दपारीचा हुकूम वाचला. ॲनापोलिसची जहाजं आठ डिसेंबरला निघाली, सुमारे १,६६० माणसं घेऊन. कुणी मॅसॅच्युसेट्सला उतरवले, कुणी कनेटिकट, न्यूयॉर्क, कॅरोलिना. पेम्ब्रोक नावाच्या जहाजावरच्या दोनशेहून अधिक अकादीयांनी जहाज ताब्यात घेतलं आणि सेंट जॉन नदीकडे वळवलं. कुठल्या जहाजावर कोण चढलं याच्या नावनिशीवार याद्या ॲनापोलिससाठी मिळत नाहीत, म्हणून इथे तिला शोधणं सोडा आणि तिच्या मुलांना शोधा. सगळ्या नऊंना, फक्त तुमच्या नवऱ्याच्या शाखेच्या एकाला नाही. मुलाच्या लग्नाच्या नोंदीत आईच्या नावाआधी ‘फ्यू’ असेल तर ती तेव्हा हयात नव्हती. ज्या शेवटच्या लग्नात ‘फ्यू’ नाही आणि ज्या पहिल्या लग्नात आहे, त्या दोन तारखांच्या मधे ती गेली. पाद्री कधीकधी हा शब्द विसरत, तेव्हा दोन मुलांच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघा.

मॅसॅच्युसेट्सला गेली असेल तर तिथे दहा-अकरा वर्षं कॅथलिक धर्मगुरू नाही. मुलांना घरीच पाणी घातलं जाई, लग्नं वडीलधाऱ्यांसमोर लागत. तिथले कागद इंग्रजीत आहेत. गावोगावचे सरपणाचे आणि औषधाचे हिशेब, आणि मुलं काढून दुसऱ्यांच्या घरी कामाला लावली म्हणून आईबापांनी केलेले अर्ज. नाव कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असेल. लब्लाँचे व्हाइट झाले, पित्रचे पीटर्स, पुआरियेचे पेरी. १७६३ मधल्या कुटुंबवार याद्याही बघा. १७६६ नंतर यांतले पुष्कळ केबेकला गेले, आणि तिथल्या निकोले, बेकाँकूरसारख्या गावांच्या वह्यांत एकाच दिवशी एकाच घरातल्या चार-पाच मुलांचे राहिलेले विधी आणि आईबापांचं लग्न पुन्हा वैध केल्याची नोंद सापडते. त्या दिवशी आजी हजर असेल तर साक्षीदारांत असेल. त्याआधीच केबेक शहरात पोचलेल्यांपैकी शेकडो जण १७५७-५८ च्या देवीच्या साथीत गेले. तिथलं दफनाचं पान वाचताना हात थरथरतो, पण ते वाचायलाच हवं.

फ्रान्सला गेली असेल तर सेंट-मालोच्या आसपासच्या वह्या, आणि ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावरचे १७६७ चे जबाब. तिथे वसवलेल्या ७८ कुटुंबांच्या प्रमुखांनी शपथेवर आपली वंशावळ तोंडी सांगितली, कारण वह्या हरवल्या होत्या. तुमची बाई तिथे नसली तरी तिचा भाचा किंवा नणदेचा जावई तिथे असेल आणि त्याने ‘मावशी बोस्टनला वारली’ असं एका ओळीत सांगितलं असेल. अशी ओळ मला दोनदा सापडली आहे.

कधीकधी वहीबाहेरही बाई बोलते. झान द्युगा ही केप ब्रेटन बेटावरच्या लुइबूरची, १७३१ ची. १८१२ मध्ये बिशप प्लेसी शेतिकाँला आले, तेव्हा ऐंशी वर्षांच्या या विधवेने आपण कुठून कुठे हाकलले गेलो ते सगळं ओळीने सांगितलं: आकादी, केप ब्रेटन, सेंट-जाँ बेट, रिस्तिगूश, हॅलिफॅक्स, आरिशा, मादलेन बेटं, शेवटी शेतिकाँ. आणि म्हणाली की या सगळ्यात मी एकदाही रात्री उपाशी निजले नाही. बिशपांनी ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. म्हणून त्या त्या मुलखातून गेलेल्या धर्मगुरूंची पत्रं आणि रोजनिश्याही बघत जा.

तुम्ही सुरुवात १७३१ च्या लग्नापासून करा. त्या नोंदीचा फोटो मला पाठवा, पण नुसती नोंद कापून नको. डावं-उजवं अख्खं पान पाठवा, साक्षीदारांची नावं, त्यांच्या सह्या आणि सही न येणाऱ्यांनी काढलेले क्रूस वाचता येतील असं. त्याच महिन्यात शेजारी आणखी कुणाची लग्नं लागली तेही त्या पानावर असेल, आणि त्यांतलं एखादं तिच्या भावाचं असण्याची बरीच शक्यता आहे.